हॉवकावांकच्या भिंतीवरील काचपट्ट्या

नाव आर्पिने मेल्कुम्यान, वय २९, धंदा वास्तुजतन अभियंता, राहणार ग्युम्री. आज गुरुवार, १६ मे २०२४ रोजी पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून सांगते की,

१. हॉवकावांक मठाच्या पुढच्या दालनात उत्तरेच्या भिंतीला तडा आहे. ११ मार्च रोजी मी त्यावर आडवी काचपट्टी प्लास्टरने बसवली. भिंत हलली तर काच फुटते.

२. १० एप्रिल व ८ मे रोजी पाहिले. काच अखंड होती. अहवालात मी ‘हालचाल नाही’ असे लिहिले. त्यावरून येत्या रविवारी दालनात बाप्तिस्मा करण्यास परवानगी मिळाली. साठ माणसे येणार आहेत.

३. आज सकाळी दहा वाजता काचेची जाडी मोजली. मी बसवलेली काच एक मिलिमीटरची होती. ही दोनची आहे.

मठाची किल्ली सांभाळणाऱ्या वार्सेनिक सुक्यास्यान, वय ७४, यांना विचारले.

“तीनदा फुटली गं. त्या खडेवाल्यांनीच फोडली, दुसरं कोण! खडा भिंतीला चिकटला की नवस फळतो म्हणे. दाबतात तरी किती, भिंत पाडून स्वर्गात जायचंय जसं! माझ्या राखणीत तुझी काच फुटली, तुला काय तोंड दाखवू? म्हणून दर वेळी नवी बसवली.”

“आजी, फोन करायचा की.”

“तू आधीच धड जेवत नाहीस, पोरी.”

खडे दक्षिणेच्या भिंतीला दाबतात. तडा उत्तरेला आहे. फुटलेल्या तिन्ही काचा त्यांनी डब्यात जपून ठेवल्या होत्या; तिन्ही तड्याच्या रेषेत तुटल्या आहेत. त्या भिंतीने तोडल्या.

नव्या काचा त्यांनी घरच्या फोटोंच्या चौकटींतून काढल्या. शेवटची त्यांच्या यजमानांच्या फोटोची.

माझ्या वरिष्ठांनी मोडतोडीची तक्रार दिल्याने वार्सेनिक सुक्यास्यान यांना दुपारी येथे आणले आहे. त्यांनी काही मोडलेले नाही. बदललेली काच ओळखणे माझे काम होते. दोन वेळा मी जाडी मोजली नाही.

विचारल्यावरून सांगते की, मार्चमध्ये मीही एक खडा दाबला होता. तो चिकटला की नाही, याचा या प्रकरणाशी संबंध नाही.

जबाब मला मोठ्याने वाचून दाखवला. ‘आरोपी’ हा शब्द खोडून तेथे ‘वार्सेनिक सुक्यास्यान’ लिहून घेतले. बाकी मी सांगितले तसेच आहे.

वार्सेनिक सुक्यास्यान यांना घरी सोडावे व दालन बंद करावे. तसे केल्याचे लेखी उत्तर शनिवार, १८ मे, दुपारी बारापर्यंत मिळावे.