नेट गेलं तेव्हा

मालेगावच्या थांब्यावर एसटी उभी होती. माझ्या लेकीच्या डब्याचं झाकण टणकन खाली पडलं, तशी पुढच्या बाकावरची बाई दचकून नवऱ्याला म्हणाली,

“तनुजाले सांगतलं का, लगन जुळलं म्हणून?”

“तू सांग. माय हायेस तू.”

“पोरगी कॉलेजच्या सेमिस्टरले व्हिएन्नात, अन् तुमी पाव्हणे घरी बलावता!”

“व्हिडिओवर दाखवली ना! तूच फोन पाटावर ठेवला, त्याले कुकू लावलं.”

“पाटावर बसवलं त कुकू लावाच लागते.”

“मुलाच्या मामानं इचारलं, पोरगा पसंत हाय का? पोरगी मान खाली घालून चूप. मामा म्हणे, लाजाळू हाय, होकार समजा. मामीनं फोनची ओटी भरली.”

“अवो, नेट गेलतं तवा! तिचं चित्र अटकलं होतं!”

“हे मले पेढे वाटल्यावर समजलं.”

“मंग आता?”

“आता तिचाच फोन वाजून राह्यला. उचल.”

“मी नाई. तुमीच उचला.”

फोन वाजत राहिला. लेकीनं माझ्या कानाशी तोंड आणलं.

“आई, तुले पाहाले आले तवा नेट होतं का?”