प्युअर कॉटन

प्युअर कॉटन, प्युअर कॉटन... अहो, बास करा की आता! तुमाला सांगते, लग्न होऊन नारायणगावात आले तवापासून हेच ऐकतेय. आमच्या ह्यांचं, म्हंजे कल्पेशशेठचं, कापडाचं दुकान. गिऱ्हाईक आलं की ह्यांचा आवाज लोण्यासारखा, ‘हात लावून बघा ताई, प्युअर कॉटन.’ आणि कापड कसलं? एक दोरा ओढून काडी लावा, राख व्हायच्या ऐवजी वितळून गोळी होती. ह्यांना ठाऊक, मला ठाऊक, गिऱ्हाइकालाबी ठाऊक. चाललंय आपलं.

आणि मला निघाली छातीत गाठ. ऑपरेशन झालं, केमोनं केस गेले, आता पुण्याला रोज किरणं घ्यायची. तिथली सिस्टर म्हणाली, ‘चेतनाताई, आम्ही दिलेलं मलम सोडून काही चोळू नका. मंगळसूत्र घासतंय, काढा. अंगात सैल, मऊ, सुतीच घाला. कातडी उलली तर मशीन थांबवावं लागतं.’ मशीन थांबलं की आजाराला रान मोकळं, हे तिनं म्हणलं न्हाई, पर मला कळलं ना. लई घाबरले मी.

घरी येऊन म्हणलं, अहो, सुती काहीतरी द्या. तर हे दुकानातनं गुलाबी गाऊन घेऊन आले, आणि मला, सख्ख्या बायकोला, त्याच आवाजात, ‘हात लावून बघ, प्युअर कॉटन.’ दोरा ओढला, गॅसवर धरला... गोळी. दुसरा आणला, गोळी. अख्खं दुकान पालथं घातलं, सूत कुठं न्हाई! हे मान खाली घालून बसले, आणि इकडं काखेत लाल चट्टा, हात खाली घेतला की आग आग.

शेवटी सासूबाई उठल्या, प्यारीबाई. सासरे गेल्यापासून जपाला बसताना त्या पांढरी सुती साडी नेसतात. धुऊन धुऊन सायीसारखी झालेली. ती फाडली आणि माझ्यासाठी सैल झबली शिवली. वर नेसायला दुसरी पांढरी दिली. मी रडलेच तिथं.

तर परवा एसटीत. अंगावर पांढरं, गळा मोकळा, केस न्हाईत म्हणून पदर कपाळावर ओढलेला, शेजारी हे पिशवी धरून. समोर पिंपळवंडीची कुणी ठकूबाई, ओळख ना पाळख, माझ्याकडं बघून डोळे पुसती, ‘आगं बया... मालक कधी गेलं गं?’

मी ह्यांच्याकडं बघितलं. घरात इतकं झालं तरी आजाराचं नाव ह्यांनी तोंडातनं काढलं न्हाई, ‘हिला जरा बरं नसतं’ एवढंच. म्हणलं, आता तरी बोलतील. म्हातारीनं ह्यांना विचारलं, ‘तू भाऊ का रं हिचा?’ आणि हे खिडकीबाहेर बघत म्हणाले, ‘हां मावशी.’ काय म्हणावं? आजाराचं नाव घेण्यापरीस माणसाला मरण सोपं पडलं!

आधी लई राग आला. मग म्हणलं, जाऊ दे, भाऊ तर भाऊ. येत्या भाऊबीजेला ह्यांना ओवाळीन आणि ताटात साडी मागीन, प्युअर कॉटन... तवर मी राहिले म्हंजे झालं.