जाड पुस्तक

लातूरच्या पुस्तकांच्या दुकानात, बिलाच्या रांगेत माझ्यापुढं उदगीरचं एक जोडपं उभं होतं. आठवीतल्या लेकीला हॉस्टेलवरून दिवाळीला घरी न्यायला आलेलं.

“पंचशीला, हे लई जाड हाय. बारीक घे एखादं.”

“लुंबिनीला गोष्टीचं जाडच आवडतंय.”

“सुट्टी चार दिवसांची. त्यातले दोन दिवस लेकरू झोपूनच काढतंय.”

“हाव. मागं जेवतानाबी पेंगत होती.”

“मग अर्धं राहील की. हॉस्टेलवर गोष्टीचं पुस्तक ठिवू देत न्हाईत.”

“राहू द्या.”

“कुठं?”

“आपल्या घरी. तिच्या उशापाशी, पान दुमडून. औंदा उन्हाळ्यात क्लास हाय म्हणून आलीच न्हाई. येत्या उन्हाळ्यात ते पुरं करायला तरी येईल.”