लसणावर दिलेली घागर

बायकोची घागर मी लसणावर दिली. दिवसाढवळ्या दिली, शुद्धीत दिली, आन वरून भंगारवाल्याला म्हणालो, घे बाबा, नुसती अडगळ हाय.

मी मूळचा देवणीकडचा. आमच्याकडच्या बैलांचं लई नाव, माणसांचं काय झालं न्हाई, त्यातलाच मी एक. लातूर नवा जिल्हा झाला तवा कचेऱ्याच कचेऱ्या निघाल्या, कचेऱ्यांत खुर्च्या आल्या, खुर्च्या उचलायला माणसं लागली, तसा मी शिपाई म्हणून चिकटलो आन शांताला घिऊन आलो. खोली एवढीशी. एका भिंतीला बुद्धाची तसबीर, दुसऱ्या भिंतीला खिळ्यावर शांताची पिशव्यांची पिशवी.

काय सांगू तुम्हाला, त्या बाईच्या हातून प्लास्टिक म्हणून घराबाहेर जात नव्हतं. दुधाची पिशवी कापली तरी कोपरा तुटून पडू द्यायची न्हाई, तेवढा तुकडा गाईच्या पोटात जातो म्हणायची, मग पिशवी धुवायची, दोरीला चिमट्यानं वाळवायची, पट्ट्या कापून वेणी घालायची, वेणीचं बसकर करायची. तेलाचा कॅन तिरका कापला की ज्वारी काढायला माप. एकदा तर खताच्या पोत्याची मला खोळ शिवून दिली, पावसात फायली घिऊन जायला. मी ती घालून ऐटीत कचेरीत शिरलो, पाठीवर ठळक युरिया लिहिलेलं. सायेब म्हणाले, अरे, हे पोतं कुणाच्या शेतात टाकायचं? तवापासून रिटायर होईस्तोवर मी युरियामामाच. घरी यिऊन शांतावर तणतणलो, तर म्हणाली, भिजलाव का? न्हाई ना? मग.

घागरीचं सांगत होतो. लातूरला रेल्वेनं पाणी आलं ना, त्या सालचा दुष्काळ. नळ कोरडे, टँकरची वाट, आन रांगेत माणसांच्या आधी घागरी. घागर ठिवली की नंबर लागला, मग बाई घरी जाऊन भाकरी थापून यायची. अशात आमची निळी घागर पोटाला तडकली. मी म्हणालो, टाक तिला. शांता म्हणाली, टाकते की, पाणी काय तुमच्या टोपीत आणू? तुटक्या लाल बादलीचा तुकडा काढला, उलथनं तापवलं, आन तडकलेल्या जागी तुकडा वितळवून, दाबून दाबून ठिगळ बसवलं. बोटांना गुंडाळलेली चिंधी सुटली, अंगठा तसाच गरम प्लास्टिकला टेकला, भाजला, पर तिनं घागर सोडली न्हाई. पुन्हा थेंब गळला न्हाई त्यातून. निळ्या घागरीला लाल ठिगळ, गल्लीच्या टोकावरून दिसायचं. मला मात्र लाज वाटायची. कचेरीतला माणूस मी, ठिगळाच्या घागरीपाशी कसा उभा राहू? रांगेचं नाव निघालं की म्हणायचो, ड्युटी हाय.

पुढं नळाला पाणी आलं, मी रिटायर झालो, म्हणालो आता बसू दोघं निवांत, आन शांता गेली.

मागल्या म्हयन्यात एक दिवस मला तिच्या हातची लसणाची चटणी खावी वाटली. लई वाटली. भूक न्हवती ती, दुसरंच काय तरी होतं. खलबत्ता काढला, तिखट काढलं, शेंगदाणे भाजताना निम्मे जाळले, आन बघतो तर लसूणच न्हाई. तेवढ्यात दारात हातगाडी, भंगाऽर द्या, लसूण घ्या. न्हाणीच्या कोपऱ्यात हाताला लागली ती घागर दिली. ओंजळभर लसूण आला. चटणी केली, तर तिची चव कुठली, नुसती जळजळ. पाण्याला उठलो, आन कोपऱ्यात फरशीवर घागरीच्या बुडाचा गोल दिसला. रिकामा.

तवा डोक्यात उजेड पडला. त्या ठिगळावर तिच्या अंगठ्याचा ठसा होता हो. तिचे फोटो हायत, लुगडी हायत, पर ती जिथं टेकली ती जागा तेवढी एकच.

तसाच पळालो. हातातला बत्ता ठिवायचं भान न्हाई, भंगारवाल्याला वाटलं मी मारायलाच आलो. म्हणाला, मामा, लसूण नासका निघाला का? घागर म्हणालो, तर म्हणाला, ती तर तुमच्याच गल्लीच्या कोपऱ्यावर गेली, एका म्हातारीनं मोडकी खुर्ची दिली आन उचलून नेली.

म्हातारी म्हंजे जुलेखाबी. दुष्काळात रांगेला कायम शांताच्या मागं. गेलो तर घागर तिच्या दारात, भरलेली. म्हणालो, भाभी, ही माझी घागर. तुमची कवापासून? म्हणाली. शांताची हाय ही. हिच्या मागं उभं राहून आख्खा दुष्काळ काढला म्या, गाडीवर लाल ठिगळ बघितलं तर काळीज हाललं माझं. तुम्ही लसणावर दिली, मी खुर्चीवर घेतली. न्हाई देणार. म्हणालो, नव्या दोन आणून देतो. नक्को. मग म्हणालो, बरं, हात तरी लावू द्या. खाली बसलो, त्या ठशावर अंगठा ठिवून बघितला. माझा मोठा, तिच्या खळग्यात बसला न्हाई.

जुलेखाबी बघत होती. म्हणाली, बघायचं आसल तर येत जावा, पर खाली हातानं न्हाई. माझे गुडघे गेलेत. कोपऱ्याच्या नळावरून भरून आणा.

आता पाणी सुटलं की माझी ड्युटी तीच. नळावर बाया वाट दितात, म्हणतात, सरका गं, युरियामामा आले. घागर खांद्यावर घेतो, ठिगळ गालाशी येतं, आन चालता चालता मनातच म्हणतो, बग शांता, आणायलोय पाणी. उशीर झाला, पर आणायलोय. काल उंबऱ्यात घागर टेकवली, सदरा चिंब, जुलेखाबीनं वाकून आत बघितलं आन म्हणाली, निम्मी तर रस्त्याला पाजली की. शांतानं तुम्हाला कवा रांगेत का धाडलं न्हाई, ते आज कळालं मला.