पणतीचा ठसा

प्रमिलाबाई : ते कार्ड पदराखाली कशाला सरकवलंस, आनंदी?

आनंदी : कुठलं?

प्रमिलाबाई : पणतीचं. अगं, बाकीच्या गेल्या घरी. मी मंडळाची अध्यक्ष आहे, फौजदार नव्हे.

आनंदी : बिघडलंय ते. शाई पसरली.

प्रमिलाबाई : बघू. कुठे पसरलीय? चांगलं स्वच्छ उमटलंय. तुला मी कडेची निळी वेल दिली होती.

आनंदी : तीन दिवस वेलच मारतेय. साल मुबारकच्या गुजराती कार्डांवरही वेल, आपल्यांवरही वेल. पणतीचा ठसा ह्यांनी कोरलाय, प्रमिलाबाई. पुरात मंडळाचे जुने ठसे वाहून गेले, तेव्हा मिलमधलं लाकूड आणून, आठ रविवार खिडकीत बसून.

प्रमिलाबाई : मला काय माहीत नाही?

आनंदी : आणि त्याला मी हात लावायचा नाही.

प्रमिलाबाई : असं मी म्हटलं?

आनंदी : म्हटलं नाहीत. माझ्यासमोरून उचलून पलीकडे ठेवलात, एवढंच.

प्रमिलाबाई : ही कार्डं शंभर घरी जायची. सणाची पणती विधवेनं छापली, असं कुणी बोललं असतं तर तुलाच लागलं असतं.

आनंदी : त्यांना बोलायची गरजच पडली नाही.

प्रमिलाबाई : (खुर्ची ओढून बसत) कुणाला धाडायचंय?

आनंदी : अरुणाला.

प्रमिलाबाई : लेकीला? मग त्यात लपवायचं काय?

आनंदी : लग्नानंतरची पहिली दिवाळी तिची. दिवाळसणाला जावयांना घड्याळ द्यायचं की अंगठी, यावर आम्ही दोघं भांडत होतो. भांडण तसंच राहिलं आणि श्रावणात हे गेले. परवा विहीणबाईंचं पत्र आलं. वर्ष सरेपर्यंत तुमच्याकडून सणाचं काही येऊ नये, घरात नवी सून आहे.

प्रमिलाबाई : ती नवी सून म्हणजे गेलेल्याचीच मुलगी ना?

आनंदी : तिचं सुतक तीन दिवसांत फिटलं. माझं वर्षाचं आहे.

प्रमिलाबाई : जळगावच्या ना त्या? जाऊ दे. पुण्याच्या असत्या तरी हेच लिहिलं असतं, अक्षर तेवढं बरं असतं.

आनंदी : मी नाव घालणार नव्हते कार्डावर.

प्रमिलाबाई : आणि पत्ता कुणाच्या हातचा? सासूबाई पाकीट हातात घेताक्षणी ओळखतील. आण इकडे, मी लिहिते.

आनंदी : मंडळाचं नाव घातलंत तरी कळेल. मी मंडळात येते, हे ठाऊक आहे त्यांना.

प्रमिलाबाई : मंडळाचं कशाला? माझं घालते. चार वर्षं शाळेत होती माझ्या हाताखाली. बाईंनी विद्यार्थिनीला दिवाळीचं कार्ड धाडलं, कुणाच्या बापाचं काय... चुकले गं. तोंडाला लगाम नाही मेला.

आनंदी : असू द्या. लिहा.

प्रमिलाबाई : सौ. अरुणा...

आनंदी : अरुणा नको. तिथे त्या नावाचं कुणी नाही. लग्नात अलका ठेवलंय.

प्रमिलाबाई : अलका. बरं आहे की.

आनंदी : बरं आहे. मला अजून लिहिता येत नाही. पत्रात नुसतं 'चिरंजीव बाळ' लिहून वेळ मारून नेते.

प्रमिलाबाई : सौ. अलका... झालं. आणि आत काय लिहू?

आनंदी : दीपावलीच्या शुभेच्छा.

प्रमिलाबाई : बस? 'जपून राहा' तरी घालू?

आनंदी : नको. सगळं घर वाचणार. शाळेच्या बाईंना एवढी काळजी कसली, असं तिलाच विचारतील.

प्रमिलाबाई : मग तुझं आहे, हे तिला कळणार कसं?

आनंदी : हे कोरायचे तेव्हा लाकूड दाबून धरायला तीच बसायची. पणती बघितली की कळेल.

प्रमिलाबाई : आणि रडली तर?

आनंदी : न्हाणीघरात जाईल. तेवढं शिकवून पाठवलंय.

प्रमिलाबाई : पाठीमागे माझ्या घरचा पत्ता घातलाय. उत्तर आलं की लगेच तुझ्याकडे घेऊन येते. दुपारी आलं तर दुपारी.

आनंदी : ती 'प्रमिलाबाईंस सा. न.' असंच सुरू करेल. शहाणी आहे. त्यात माझ्यासाठी काही नसेल.

प्रमिलाबाई : तरी आणते.

आनंदी : आणा. मजकूर तुमचा. मला तिचं अक्षर तेवढं बघू द्या.