म्होरक्या मेंढीच्या गळ्यातला फोन

— न्हाई माय, बंद नको करू! बंद केला की नाथ्याला तिकडं पुण्यात कळतंय. नाथा म्हंजे माझं पोरगं, गाडी चालवतंय. फोन सुनंचा, धनश्रीचा. तू दुकानात फोन दुरुस्त करतीस, तुला कळंल — बाई कुठं हाय ते दावणारं काय घातलंय का ह्यात, येवढंच सांग — हाय? मला ठावंच व्हतं.

कसं म्हंजे? अगं, पोरगी किराणाला गेली की ह्याचा फोन — येवढा येळ कावून लागला? मावशीला काय लिवलं तेबी ह्याला पाठ! धनश्रीला हितं सिरसाळ्यात शिवणाच्या क्लासला जायचं, नाथा नको म्हंतोय — मंग आमी काय केलं, फोन फडक्यात गुंडाळला आन म्होरक्या मेंढीच्या गळ्यात बांधला! मेंढी माळावर, सून क्लासात. रातच्याला नाथा फोनवर "आज लई शहाण्यावानी वागलीस" म्हणला — मेंढीला! आमी दोघी हसून हसून बेजार.

परवा घोळ झाला. गावातल्या विठ्ठलरावानं आमचा कळप त्याच्या रानात बसवायला बोलावला — खत पडतं नव्हं, मुक्कामच असतोय. आन फोन राह्यला मेंढीच्याच गळ्यात! सून घरी माझ्यापाशी, नाथ्याला दिसतंय बायकू रातभर विठ्ठलरावाच्या रानात. आता शनिवारी येतोय, तंगडं मोडतो म्हणला. मोडल बी — दिवाळीला हात मोडलाच की तिचा. दवाखान्यात डॉक्टरला सांगितलं, पडली म्हणून. म्याच सांगितलं. — बघ, हे कावून बोलले मी तुला.

कवा घातलं? फोन अंगठ्यावर उघडतोय ना तिचा... दुपारची झोपली व्हती, नाथा म्हणला, आई, हळूच लाव तिचा अंगठा, फोटो बघायचेत. लावला म्या. मला काय ठावं, — न्हाई, ठावं व्हतं. लेक खूश व्हईल वाटलं. लाज वाटती गं.

काय म्हंतीस? काढायच्या आधी सगळ्याचे फोटो ठिवायचे, पुरावा म्हणून? आन बायांच्या मदतीच्या नंबराला इचारायचं? कवा काढायचं ते धनश्रीनंच ठरवायचं — बरं, बरं. आत्ता बोलावते तिला क्लासातून. अंगठ्याचं बी म्याच सांगते तिला, —

थांब, माझा वाजला. नाथाच हाय. तू बोलू नको.

हां बाळा. — घरीच हाय की, भाकरी थापतेय. — आँ? तिचाच न्हाई, माझा बी फोन सिरसाळ्यात दावतोय? मोबाइलच्या दुकानात? कोण म्हणलं तुला?

... पोरी, ह्यानं माझ्याबी फोनात घातलंय.