बाईंमधला ब

मंडळी, बसून घ्या. मागे उभे आहेत त्यांनी पुढे सरका. खांबाला टेकायची जागा कीर्तन ऐकायला नसते, झोपायला असते. डोळे मिटा, महादेवाचं नाव मनात घ्या... घेतलं? आता उघडा, आणि माझा एक प्रश्न ऐका.

भाकरी एक आणि खाणारी दोन, तर एकेकाला किती? अर्धी. बरोबर. खाणारी चार असली तर? चतकोर. तेही बरोबर. निंबोडीच्या शाळेत शिकलेली माणसं तुम्ही, हिशेब पक्का आहे. आता सांगा— आई एक आणि तिला आई म्हणणारी चाळीस, तर एकेकाच्या वाट्याला आई किती येते?

बोटांवर मोजू नका, पुरायची नाहीत.

मंडळी, हाच प्रश्न आपल्या हिंगमिरेबाईंच्या लेकीला पडला होता. वय वर्षं नऊ. बाईंना जाऊन आज वर्ष झालं, म्हणून ती गोष्ट सांगायची. ती लेक, उज्ज्वलाताई, इथं पुढंच बसलीय. तिला विचारूनच सांगतोय. म्हणाली, "सांगा बुवा, फक्त मला फार गुणी करू नका." नाही करणार, ताई. तुम्ही तेव्हा फार गुणी नव्हताच.

तर ऐका. कावेरीबाई हिंगमिरे. लग्न होऊन निंबोडीत आल्या त्या विसाव्या वर्षी, आणि चौतीस वर्षं त्यांनी चौथीचा वर्ग शिकवला. त्यांच्या खडूच्या डब्यात खडूबरोबर सुई-दोरा असायचा. कुणाचं बटण तुटलं की त्याला समोर उभं करायचं, आणि बटण लावता लावता त्याच्याकडून तेराचा पाढा म्हणून घ्यायचा. पोरगं हलायचं नाही, सुई टोचेल ना. आणि मान हलत नाही म्हटल्यावर पाढ्यावाचून करणार काय? इथं किती जणांचा पाढा बटणावर पाठ झालाय? हात वर करा. बघा— सरपंचसुद्धा. दोनदा तुटलं होतं वाटतं?

तर उज्ज्वला चौथीत गेली, म्हणजे आईच्याच वर्गात गेली. पहिल्या दिवशी सकाळी बाई वेणी घालताना तिला म्हणाल्या, "उजू, शाळेच्या फाटकाच्या आत मी बाई. फाटकाबाहेर आई. कळलं?"

"आणि फाटकात?"

"फाटकात थांबायचंच नाही."

मंडळी, सांगणं सोपं आहे हो. नऊ वर्षांची जीभ ती. तासाभरातच उजू उभी राहिली. "आई, माझी पेन्सिल—"

बाई फळ्यावर लिहीत होत्या. वळल्याच नाहीत.

"आई..."

खडू चालूच.

"बाई."

"हं. काय गं हिंगमिरे?"

हिंगमिरे! सख्ख्या आईनं लेकीला आडनावानं हाक मारली. उजूचं तोंड एवढंसं झालं. पण ती शिकली. आठ दिवसांत तिची जीभ फाटकापाशी आपोआप वळायला लागली.

आता त्याच वर्गात एक भामा होती, कुंभारआळीतली. अबोल मुलगी, नखांत सदा माती. दोन वर्षांपूर्वी तिची आई गेली होती. घरी ती आणि तिचे वडील, दगडू कुंभार. तिसरं ते चाक.

एक दिवस दुपारी बाई नकाशा समजावत होत्या. भामा उभी राहिली, अंगठा तोंडाशी नेला आणि म्हणाली, "आई, पाणी पिऊन येऊ?"

वर्ग खो-खो हसला. तुम्हीही हसताय. अहो, हसू नका, माझं ऐका— मी परवा तलाठीबाईंना म्हणालो, "आई, एवढी सही करता का?" वय माझं चौसष्ट, त्यांचं सत्तावीस. जीभ आहे, घसरते. आमचे पेटीवाले नाना तर अजून मला कधीकधी वडिलांसारखं अप्पा म्हणतात. नाना, पेटी बघा, माझ्याकडं बघू नका.

तर वर्ग हसला. भामा लाजून लाल झाली. आणि बाई? बाईंनी नकाशावरचं बोटसुद्धा हलवलं नाही. जशी रोजच तशी हाक येते, अशा सुरात म्हणाल्या, "जा बाळ, ये लवकर."

झालं. उजूला ते झोंबलं. मला हिंगमिरे आणि हिला बाळ? मी हाक मारली तर पाठ, आणि हिला लगेच ओ?

मधल्या सुट्टीत तिनं भामाला लिंबाखाली गाठलं. म्हणाली, "ती माझी आई आहे. तुझी नाही. तू कुणाला आई म्हणतेस?"

ताई, खाली बघू नका. तुम्हीच म्हणालात सांगा.

भामा वळून चालू लागली. पाटी वर्गातच राहिली, ती तशीच घरी गेली. दुसऱ्या दिवशी आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही.

इकडं उजूनं घरात नवीनच सुरू केलं. जेवायला बसली आणि म्हणाली, "बाई, मला कालवण वाढता का?"

बाईंचे यजमान, अप्पा, शिवणयंत्रावर बसले होते. त्यांचा पायच थांबला. "अगं, ही बाई झाली तर मी कोण? हेडमास्तर?"

"तुम्ही अप्पाच."

"वाचलो," म्हणाले, आणि यंत्र पुन्हा सुरू.

उजूला वाटलं होतं, आई रागवेल. निदान विचारेल तरी. पण बाई म्हणाल्या, "वाढते," आणि वाढलं. सकाळी बाई, संध्याकाळी बाई. चार दिवस घरात आई हा शब्द नाही. मंडळी, माणूस रागवला तर बरं, भांडता येतं. पण न रागवणाऱ्या माणसाशी भांडायचं कसं? उजू पार दमली.

रोज हजेरीला बाई नाव घ्यायच्या, "भामा कुंभार." उत्तर नाही. "बरं नाही का तिला? कुणाला ठाऊक आहे?" उजू अंगठ्यानं जमीन उकरायची.

चौथ्या दिवशी संध्याकाळी बाई उंबऱ्याशी बसून चपला काढत होत्या. उजू जवळ आली. "बाई, एक विचारू?"

"विचार."

"तुम्ही तिला ओ का दिली?"

कुणाला, हे बाईंनी विचारलं नाही. म्हणाल्या, "बैस इथं. म्हण, बाई."

"बाई."

"आता ब गिळून टाक. उरलेलं मोठ्यानं म्हण."

मंडळी, तुम्हीपण म्हणा. बाई... आता ब गिळा. काय उरलं? अहो लाजताय काय, मोठ्यानं म्हणा. आई! बघा, चौतीस वर्षं रोज म्हणत होता, आणि आत काय आहे ते आज कळलं.

उजूला मात्र तेव्हाच कळलं, पुढं काय येणार ते. तिनं ओठ घट्ट मिटले. बाईंनी एक चप्पल काढली. दुसरी काढली. शेवटी उजूच्या तोंडून निसटलं, "आई."

"हं. मी शाळेत जाताना तो ब लावून जाते. घरी आले की चपलांबरोबर काढून ठेवते. वर्गातली सगळी घरी गेली की तिथं बिन-बची एक बसलेलीच असते. तुझीही असते. भामाच्या घरी कोण असतं?"

"तिचे वडील... आणि चाक."

"म्हणून तिचा ब गळाला. मी ओ दिली नसती, तर तो शब्द पोरीनं कुठं ठेवायचा होता?"

मग उजूनं चार दिवस मनात ठेवलेलं विचारलं. "पण मग माझ्या वाट्याला तू किती?"

बाई हसल्या. "मला काय भाकरी समजलीस? बरं, मोजून बघ. त्या दिवशी तिला ओ दिली. संध्याकाळी तुझी वेणी अर्धीच घातली का मी?"

"पुरी घातली."

"आणि ताटात?"

"पुरी."

"मग कमी काय पडलं ते दाखव."

काय दाखवणार? काहीच सापडेना. आणि सापडेना म्हणून पोर रडायला लागली. "मीच तिला बोलले," म्हणाली. "ती माझ्यामुळं येत नाही."

बाईंनी पदरानं तिचं नाक पुसलं. "मला वाटलंच होतं. आता ऐक. मी आणायला गेले तर ती येईल. पण तुझ्या शेजारी बसायची नाही. कोण जाणार, तू ठरव."

सकाळी उजू कुंभारआळीत. भामा अंगणात चिखल मळत होती. हिला पाहून तिनं मान आणखी खाली घातली.

"चल शाळेत."

"नाही."

"आईनं बोलावलंय."

भामाचे हात थांबले. वर न बघता तिनं विचारलं, "कुणाच्या?"

मंडळी, इथं थांबा. एवढीशी पोर, आणि जिभेच्या टोकावर 'माझ्या' हा शब्द तयार. खोटाही नाही. पण रात्रीपासून हिला गिळायची सवय लागली होती. तिनं तोही गिळला.

"आपल्या," म्हणाली. "चल ना, हात धू. उशीर झाला तर बाई रागावतील!"

भामा आधी हसली, मग उठली. दोघी धावत वर्गात शिरल्या. "काय गं हिंगमिरे, आज उशीर?" बाईंनी विचारलं. त्या दिवशी आडनाव ऐकून उजूला पहिल्यांदा हसू आलं. आणि हजेरीत "भामा कुंभार" म्हटल्यावर, दोघींच्या एका बाकावरून दोन आवाज आले— "हजर."

बाई एक्याऐंशी वर्षं जगल्या. सुखानं जगल्या, सुखानं गेल्या. शेवटी शेवटी नावं विसरल्या, पण भेटायला येणारा बाई म्हणो की आई म्हणो, ओ मात्र चुकली नाही. उशाशी एका बाजूला लेक असायची. दुसऱ्या बाजूला कोण, ते तिच्या नखांतल्या मातीवरून तुम्ही ओळखलंच असेल.

आज सकाळी शाळेत दोन रांजण बसवले. भामाबाईंच्या भट्टीतले. पेंटरनं उज्ज्वलाताईंना विचारलं, वर काय लिहू? मातोश्री, आदर्श शिक्षिका, चार ओळी बसतील. ताई म्हणाल्या, चार शब्द पुरे. जाताना वाचा. लिहिलंय— "जा बाळ, ये लवकर."

तर मंडळी, भाकरीचा हिशेब झाला. आता तुमचा. उद्या शेजारचं एखादं लेकरू चुकून तुम्हाला आई म्हणेल, अप्पा म्हणेल. तुम्ही हसाल? "मी नाही रे तुझी" म्हणून दुरुस्त कराल? की ओ द्याल? घरी गेल्यावर आपल्या ताटातलं मोजून बघा. कमी पडलं, तर पुढच्या वर्षी इथं येऊन मला खोटं पाडा.

आता महादेवाची आरती घेऊ. आणि ही पुढची चिल्लीपिल्ली मघापासून चुळबुळ करतायत. तहान लागली ना? रांजण भरलेत. जा बाळांनो. या लवकर.